यादीतलं पहिलं नाव

रक्त तपासायच्या लॅबमध्ये ती वयाने सगळ्यात लहान, म्हणून सगळे तिला धाकटी म्हणत. घरी गेल्यावर ती दादाच्या जुन्या लॅपटॉपवर प्रोग्रॅमिंग शिकायची. "नुसते व्हिडिओ बघत बसू नकोस. काहीतरी छोटं बनव. बिघडेल, मग कळेल," हा दादाचा सल्ला. तिने आधी फाशांचा खेळ बनवला, मग पाढे विचारणारा मास्तर. त्यानंतरचा प्रोग्रॅम लॅबच्याच उपयोगी पडला: रविवारची ड्यूटी कोणाची, ते ठरवणारा. पूर्वी चिठ्ठ्या टाकत, आणि कोणीतरी चिठ्ठीवर खूण केली म्हणून दरवेळी भांडण. आता बटण दाबलं की नाव पडद्यावर. सगळ्यांनी तिचं तोंड भरून कौतुक केलं.

रविवार मात्र सारखे ताईंच्याच वाट्याला येऊ लागले. ताई तिच्या शेजारच्या टेबलावर बसत. शिरेत सुई कशी घालायची, हे त्यांनीच तिला हात धरून शिकवलं होतं. त्यांच्या मुलीची पोहण्याची स्पर्धा झाली तीही रविवारीच.

"पोरगी पहिली आली, आणि मी इथे बाटल्यांना लेबलं चिकटवत होते," त्या म्हणाल्या. "माझं नशीबच फुटकं. तुझं बघ, एकदाही नंबर नाही!"

धाकटी हसली होती.

एका संध्याकाळी तिने मोठ्या हौसेने दादाला कोड दाखवला. वाचता वाचता तो थांबला.

"यादीत पहिलं नाव कुणाचं?"

"माझं. का रे?"

"अगं, कॉम्प्युटर शून्यापासून मोजतो. तुझा नंबर शून्य. आणि तू त्याला आकडा काढायला सांगतेस एकपासून पुढे. तुझं नाव जन्मात येणार नाही, तुझे रविवार बाकीच्यांच्या माथी!" तो खो खो हसला. "बरंय की. दुरुस्त कर आणि गप्प बस."

तिला जेवण गेलं नाही. मुद्दाम केलं नव्हतं, हे खरं. पण आपलं नाव कसं येत नाही, असं कधी मनात आलंच नव्हतं का? आलं होतं. तिने ते झटकून टाकलं होतं.

चूक दुरुस्त करून सकाळी तिने सगळ्यांसमोर बटण दाबलं. माझंच येऊ दे, माझंच येऊ दे, असं घोकत.

आलं ताईंचं.

"घ्या! पुन्हा ताई!" कोणीतरी टाळी वाजवली.

"त्यांच्याऐवजी मी येते," धाकटी चटकन म्हणाली.

ताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "गुणाची गं पोर."

तो हात तिला सोसवेना. तिने तिथल्या तिथे सगळं सांगून टाकलं.

मग ताईंनी हळूच विचारलं, "कधी कळलं?"

"काल."

"त्याआधी कधी शंकासुद्धा आली नाही?"

धाकटीने मान खाली घातली. "आली होती."

ताई हातमोजे चढवून कामाला लागल्या.

तो रविवार धाकटीने केला, पुढचेही काही मागून घेतले. प्रोग्रॅम चालू राहिला, फक्त बटण आता ताई दाबत. त्या तिच्याशी बोलत, पण कामापुरतं: नमुने इकडे दे, झाकण घट्ट लाव. चहाच्या वेळी मात्र त्या कप उचलून पलीकडच्या टेबलावर जाऊन बसत.