राजाच्या नाळेची टेकडी

राजधानीत राजा बदलल्याची बातमी सोत्गोल गावात आली, तेव्हा दल्ले अंगणात सोयाबीन झोडपत होती. हात न थांबवताच तिनं विचारलं, "मेला की काढला?"

"काढला. बेटावर धाडलाय म्हणे," तिचा दीर मान्सॉक म्हणाला. गावचा प्रमुख तोच, त्यामुळे बातमी पहिल्यांदा त्याच्याकडे यायची आणि तो ती पहिल्यांदा वहिनीकडे आणायचा. "आणि गादीवर कोण बसलं ठाऊक आहे का, वहिनी? आपला बरणीवाला!"

सगळं गाव त्याला याच नावानं ओळखत होतं. खरं नाव तोंडात घ्यायची सोय नव्हती, आणि चेहरा कुणी पाहिलेला नव्हता. कुठल्याशा धाकट्या राणीच्या पोटी, चार-पाच भावांच्या मागे हा मुलगा जन्मला. तेव्हा त्याची नाळ आणि वार स्वच्छ धुऊन, पांढऱ्या चिनी मातीच्या बरणीत घालून, राजधानीतून वाजतगाजत इथवर आणली आणि अल्बोंग टेकडीच्या माथ्यावर दगडी घुमटाखाली पुरली. टेकडी अंड्यासारखी गोल होती आणि जागा पाहणाऱ्यांना पसंत पडली, एवढाच आमच्या गावाचा गुन्हा. भोवती हद्दीचे दगड रोवले गेले. त्या दगडांच्या आत कोयता चालवायचा नाही, चूल पेटवायची नाही, आणि माती उकरणाऱ्याची मान जायची. आपण साधी माणसं जिथे नाळ पुरली त्या गावचे म्हणवतो. राजाच्या घरात उलटं आहे. नाळ पुरली की गावच त्यांचं होतं, मग तो पोरगा जन्मात तिकडे फिरको न फिरको.

दल्लेचा नवरा दोल्मान या टेकडीचा राखणदार होता. एका कोरड्या वसंतात पलीकडच्या रानातून वणवा आला. गाव घरदार वाचवायला धावलं आणि दोल्मान बरणी वाचवायला. ओल्या फांद्यांनी आग झोडपत तो हद्दीच्या दगडांपाशी उभा राहिला. आग तिथेच थांबली. दोल्मान मात्र पुन्हा उठला नाही. त्या वेळच्या अधिकाऱ्यानं कापडाचा एक तागा पाठवला आणि मोठ्या मनानं परवानगी दिली, की याला दगडांच्या अगदी बाहेर, हद्दीला खेटून पुरा, मेल्यावरही राखण करील. तेव्हापासून टेकडी दल्लेनं राखली. तिनं सरपण वेचणाऱ्या बायका पिटाळल्या, मुळं खणणारे म्हातारे पिटाळले, एकदा तर खुद्द मान्सॉकचा कोयता हिसकावून घरी आणला होता. गावात तिचं नाव फार प्रेमानं कुणी घेत नसे.

बरणीवाला राजा झाला म्हटल्यावर गावानं तांदळाची दारू काढली. आता तालुक्याचा दर्जा वाढणार, वेठबिगार माफ होणार, अशी स्वप्नं पडायला लागली. एकट्या दल्लेनं सोयाबीन झोडपून पुरं केलं.

थंडी सरून जमीन भुसभुशीत झाली आणि राजधानीहून अंमलदार आला. नाव योम. सोबत शिपाई, गवंडी, आणि मुहूर्त पाहणारा एक बारीक आवाजाचा पंडित. राजपुत्राच्या नाळेला लहान हद्द चालते, पण राजाच्या नाळेला मोठी लागते. दोरखंड ताणले गेले. वरचे दगड उपटून खाली आणायचे ठरले. नवी हद्द पायथ्याच्या ओढ्यापर्यंत आली आणि तिच्यात एकच थडगं सापडलं. दोल्मानचं. बाकी सगळ्यांचे वाडवडील ओढ्यापलीकडच्या उतारावर निजलेले, त्यामुळे समजूतदारपणा दाखवणं गावाला अगदी सोपं गेलं.

"वहिनी, दादाला हलवू या," मान्सॉक म्हणाला. "पलीकडे चांगली जागा काढून ठेवलीय. बापाच्या शेजारी."

"तुझ्या दादाला बापाशी जन्मभर पटलं नाही, आणि आता शेजारी झोपवतोस?"

"थट्टा करू नका. राजाच्या हद्दीत सामान्य माणसाची हाडं चालत नाहीत. अशुभ असतं."

"जळत होता तेव्हा बरा चालला," दल्ले म्हणाली. "त्याच्या जिवावर ती बरणी शाबूत आहे. नाहीतर आज कसल्या राजाची हद्द वाढवली असती? कोळशाची?"

"हळू बोला! शिपाई ऐकतील."

"ऐकू देत. त्यांच्यासाठीच मोठ्यानं बोलतेय."

योमनं तिला बोलावून घेतलं. माणूस दुष्ट नव्हता, हे सांगायला हवं. त्याला काम उरकून गावच्या आंबवलेल्या सोयाबीनच्या वासापासून लवकर दूर जायचं होतं, इतकंच. त्यानं तिला बसायला चटई दिली आणि समजावणीच्या सुरात म्हणाला, "बाई, उद्या दुपारी दगड रोवायचा मुहूर्त आहे. सकाळी तुमचा दीर थडगं उकरील. हाडं नव्या कापडात बांधू. कापड सरकारातून मिळेल."

"मागच्या खेपेलाही कापडच दिलं होतं हुजूर. अजून पेटीत आहे, घडी मोडलेली नाही. मला कापड नको."

"मग काय हवंय?"

"तो आहे तिथेच राहू दे."

"ते होणार नाही. हा राजाचा हुकूम आहे."

"राजे येतात नि जातात. आधीचाही राजाच होता की! शेजारच्या खोऱ्यात त्याच्या नाळेच्या टेकडीवरचं, पाठीवर शिलालेख घेतलेलं दगडी कासव परवा लोकांनी फोडलं म्हणे, तुमच्याच शिपायांच्या देखत. उद्या हासुद्धा गादीवरून उतरला, तर तुम्ही हे दगड पुन्हा वर चढवणार का? आणि माझा नवरा? त्यालाही पुन्हा वर पुरायचा? असा सारखा खालीवर करायला तो काय रांजणातलं लोणचं आहे?"

मागे उभ्या एका शिपायाला हसू फुटलं. योमचा चेहरा लाल झाला.

"याच बोलण्यासाठी तुमची जीभ छाटता येईल."

"छाटा. थडग्यावर बसायला जीभ लागत नाही."

आणि ती खरंच जाऊन बसली. सकाळी मान्सॉक फावडं घेऊन चढला, तर वहिनी मातीच्या उंचवट्यावर मांडी घालून बसलेली, डोक्याला पांढरं फडकं, जसं काही अंगणात भाजी निवडत बसली आहे. तिनं दिराकडे पाहिलंसुद्धा नाही. मान्सॉक फावड्यावर हनुवटी टेकून उभा राहिला. मागोमाग सगळं गाव जमलं. कुणी तिला समजावलं, कुणी शिव्या घातल्या. एक म्हातारी म्हणाली, "अगं दल्ले, मेलेल्यासाठी जिवंतांच्या पोटावर पाय देतेस? वेठबिगार माफ होतेय आमची!"

"होऊ दे की. मी कुठे अडवलीय?" दल्ले म्हणाली. "तुमची वेठ माफ करायला माझ्या माणसाला वेठीला का धरता?"

शिपायांनी तिला ओढून पाहिलं. तिनं थडग्यावरच्या गवतात बोटं रुतवली आणि असा आकांत केला, की ओढ्याकाठचे बगळे उडाले. मुहूर्तवाला पंडित धावत आला. त्याचा बारीक आवाज आणखी बारीक झाला होता. "थांबा, थांबा! मुहूर्त जवळ आलाय. या वेळी टेकडीवर रडणं-ओरडणं झालं, रक्त सांडलं, तर राजवंशाला बाधा होईल. मी जबाबदारी घेणार नाही!"

योमनं सूर्याकडे पाहिलं. गवंडी दगड खांद्यावर घेऊन ताटकळत होते. नैवेद्याची डुकराची मुंडी मांडून झाली होती आणि तिच्यावर माशा बसायला लागल्या होत्या. मुहूर्त टळला तर त्याचं राजधानीत काय झालं असतं, ते त्याला चांगलं ठाऊक होतं. तो दात आवळून म्हणाला, "बसू दे तिला. आधी दगड रोवा. हिचं नंतर पाहू."

दल्लेनं हे सगळं आधीच आखलं होतं, असं पुढे आमच्या गावात लोक सांगायला लागले. खोटं आहे. तिनं काहीच आखलं नव्हतं. नवऱ्याला हलवू द्यायचं नाही, याच्या पलीकडे तिच्या डोक्यात त्या दिवशी काही नव्हतं.

दगड रोवले गेले. दारू शिंपडली, सगळे पालथे पडून वंदन करून उठले. मग योमनं टेकडीकडे तोंड करून खणखणीत आवाजात जाहीर केलं: "या घटकेपासून ओढ्यापर्यंतची सर्व भूमी राजाच्या नाळेची. हिच्यावर जो कोयता चालवील त्याला फटके. हिची माती जो उकरील, मग तो कुणीही असो, त्याची मान मारली जाईल."

हे शब्द दल्लेला पाठ होते. वर्षानुवर्षं तिनंच ते लोकांच्या अंगावर ओरडले होते. आज ते ऐकता ऐकता तिच्या काळजात लख्ख झालं, आणि ती गवत सोडून उठली. कपड्यांवरची माती झटकून बाजूला उभी राहिली.

योमला वाटलं, बाई थकली. "शाबास," तो म्हणाला. "मान्सॉक, उकर."

"हो रे, उकर," दल्ले म्हणाली. "मी नाही आडवी येत."

मान्सॉकनं फावडं उचललं. उचललं आणि तसंच धरून ठेवलं. हळूहळू सगळ्या गावाला कळलं. आधी म्हातारीला कळलं, तिनं तोंडावर हात ठेवला.

"काय झालं? उकर म्हणतो ना!"

"हुजूर," मान्सॉक म्हणाला. जन्मभर साहेबांपुढे हो जी करत आलेला माणूस तो. "हुजूर, ही माती आता राजाची. आत्ताच तुम्ही म्हणालात."

"मी सांगतोय ना! माझा हुकूम आहे!"

"तुम्ही 'कुणीही असो' म्हणालात हुजूर. आम्ही सगळ्यांनी ऐकलं."

योमनं शिपायांकडे पाहिलं. शिपाई ओढ्याकडे पाहायला लागले. पंडिताकडे पाहिलं, तर तो लगबगीनं आपली होकायंत्राची तबकडी पुसायला लागला होता. दगड उपटून पुन्हा मुहूर्त काढणं म्हणजे राजाच्या नाळेचा उघडउघड अपमान. मान्सॉक दोन पावलं पुढे आला आणि फावडं दोन्ही हातांनी, वाकून, एखादी भेट द्यावी तसं त्यानं योमपुढे धरलं.

"पहिला घाव हुजूरांनी घालावा," तो म्हणाला. "मग आम्ही आहोतच."

"वा भावोजी!" दल्ले म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं दिराचं कौतुक केलं.

योमनं फावडं हातात घेतलं. तो थडग्यापर्यंत गेला, फावड्याचं टोक मातीला टेकवलं, आणि वर, माथ्यावरच्या त्या दगडी घुमटाकडे पाहत उभा राहिला. मग त्यानं फावडं टाकून दिलं.

पण माणूस मुरलेला होता, असा सहज हार मानणारा नव्हता. घोड्यावर बसता बसता तो दल्लेला म्हणाला, "राहू दे तुझा नवरा. पण कायदा तुलाही आहे. आजपासून तू राखणदार नाहीस. त्याच्या थडग्यावरची एक काडी कापायची नाही, दारू-नैवेद्य घेऊन हद्दीत पाय टाकायचा नाही. दोन पावसाळ्यांत तिथे रान माजेल. कुठे निजलाय ते तुलाच सापडणार नाही. त्यापेक्षा ओढ्यापलीकडे सुखात राहिला असता."

घरी जाऊन दल्ले रडली, खूप रडली. जिंकून हातात काय आलं, तर लांबून पाहायचं थडगं. आमच्याकडे थडग्यावर गवत वाढू देणं म्हणजे त्या माणसाचं जगात कुणी उरलं नाही, असं चारचौघांत सांगणं. पावसाळाभर ती ओढ्याच्या गावाकडच्या काठावर उभी राहून पाहायची. आधी उंचवटा दिसायचा. मग गवत गुडघ्यापर्यंत आलं, कमरेपर्यंत आलं, आणि उंचवटा दिसेनासा झाला.

आठव्या महिन्याची पौर्णिमा जवळ आली. पूर्वजांना पान वाढायच्या आधी घरोघरची माणसं कोयते घेऊन थडगी साफ करायला निघाली. दल्लेही निघाली. भर सकाळी, उजेडात, नव्या राखणदाराच्या डोळ्यांदेखत ती ओढा ओलांडून दगडांच्या आत शिरली.

"वहिनी! फटके पडतील!" मान्सॉक ओढ्यातून ओरडला.

"ठाऊक आहे. कापल्याला फटके, उकरल्याला मान. मी कुठे उकरतेय?"

तिनं थडगं पार वरपासून खालपर्यंत साफ केलं. बोटांनी मुळाकडचं गवतही खुडलं, पण मातीचा कण हलू दिला नाही. मग दारू ओतली, सुका मासा मांडला, दोनदा डोकं टेकलं. "उशीर झाला," ती नवऱ्याला म्हणाली. "रागावू नकोस."

कापलेल्या गवताचा भारा तिनं डोक्यावर घेतला, आणि घराकडे न वळता थेट तालुक्याची वाट धरली. मान्सॉक मागून धावत आला, बडबडला, शेवटी दमून नुसताच शेजारून चालायला लागला. कचेरीच्या अंगणात तिनं भारा दाणकन टाकला. तालुक्याचा अधिकारी बाहेर आला. तरुण होता, नुकताच नेमलेला.

"हे काय?"

"राजाच्या हद्दीतलं गवत. मी कापलं," दल्ले म्हणाली. "फटके घ्यायला आलेय."

अधिकाऱ्यानं एकदा भाऱ्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. "कुणी... कुणी तक्रार केलीय का?"

"कुणी करायला कशाला पाहिजे? मी सांगतेय ना."

"आजी, हे घेऊन परत जा. मी पाहिलंच नाही असं समजतो."

"तसं नका समजू साहेब," ती म्हणाली. "तुम्ही पाहिलं नाहीत, तर मी चोरून कापल्यासारखं होईल. मी माझ्या नवऱ्याचं थडगं चोरून साफ करत नसते."

फटक्यांचं बाकडं अंगणाच्या कोपऱ्यात होतं. तिनं केस गच्च बांधले, बाकड्यापर्यंत स्वतःच्या पायांनी चालत गेली आणि पालथी झोपली. छडीवाला अधिकाऱ्याकडे पाहत उभा राहिला. मान्सॉकनं तोंड फिरवलं.

"मारा की," दल्ले बाकड्यावरून म्हणाली. "मला संध्याकाळच्या आत घरी पोहोचायचंय. आणि एवढं लक्षात ठेवा साहेब, पुढच्या वर्षीही मी याच सुमाराला येईन."