झोळीला लावलेलं अत्तर

पिंजरा आला तो माझ्यापेक्षा वीतभर उंच होता. दोन माणसांनी तो तिरका करून दारातून आत घेतला आणि अण्णांच्या खोलीत, जिथं त्यांची कॉट होती नेमका तिथंच उभा केला.

"यात कोण राहणार आहे?" मी विचारलं. "वाघ?"

"शुगर ग्लायडर. दोन," शुभदा म्हणाली. "आणि तुला आधीच सांगितलंय, ताई."

सांगितलं होतं खरं. मी चेष्टा समजले होते. शुभदा माझी धाकटी बहीण, पन्नाशीला टेकलेली, कळंबोलीला एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसात क्लार्क. मी शाळेतून निवृत्त. लग्नं दोघींचीही राहिली. आई फार पूर्वी गेली आणि दोन वर्षांपूर्वी अण्णा गेले. त्यानंतर नेरूळच्या या फ्लॅटमध्ये आम्ही दोघी आणि आमची भांडणं.

तिच्या ऑफिसातल्या एका मुलीनं एकदा शर्टाच्या खिशात घालून तो प्राणी आणला होता. मुठीत मावेल एवढा, खारीसारखा, पाठीवर काळा पट्टा, डोळे चेहऱ्याच्या मानानं भलतेच मोठे. अंगाच्या दोन्ही बाजूंना कातड्याची घडी असते, ती पसरून तो उंचावरून तरंगत खाली येतो. दिवसभर झोपतो आणि रात्रभर जागतो. शुभदानं मला मोबाइलवर व्हिडिओ दाखवला.

"उंदीर आहे," मी म्हणाले.

"उंदीर नाही. कांगारूच्या जातीतलं आहे. मादीच्या पोटाला पिशवी असते."

"म्हणजे पिशवीवाला उंदीर."

तिनं मोबाइल बंद केला. पिंजरा आल्यापासून दोन महिने घरात तयारी चालली होती आणि मी त्या तयारीच्या आडवी येत होते. एकटा ठेवला तर झुरतो म्हणून दोन हवेत. झोपायला मऊ कापडाच्या झोळ्या हव्यात, पण त्यांना आतून एकही सुटा दोरा नको, कारण दोऱ्यात नख अडकलं तर ते ओढून ओढून पाय मोडून घेतात. शुभदा रविवार रविवार चष्मा लावून शिवण उलटी घालत बसायची. खाण्यात कॅल्शियम कमी पडलं तर मागचे पाय लुळे पडतात, म्हणून तिनं वहीत रोजचा आहार लिहून काढला. अशा जनावरांचा डॉक्टर वाशीला शोधून ठेवला. पाण्यात पडून बुडतात म्हणून बाथरूमच्या दारावर कागद चिकटवला: 'झाकण बंद ठेवावे.' मी खाली लिहिलं: 'तोंडही.' दुसऱ्या दिवशी कागद तसाच होता. तिनं खोडलं नाही, आणि हसलीही नाही.

हे सगळं केलं तरी प्राणी मिळेलच असं नव्हतं. करंजाड्याची रंजिता म्हणून एक बाई होती. तिच्या घरी या प्राण्यांच्या जोड्या वाढत होत्या आणि ती घर पाहिल्याशिवाय कुणाला देत नसे. नुसतं घर नाही, घरातलं प्रत्येक माणूसही बघायचं. शुभदानं फोन स्पीकरवर ठेवला होता तेव्हा मी मुद्दाम स्वयंपाकघरातून ऐकलं.

"तुमची बहीन काय म्हनते?" रंजितानं विचारलं.

"ती काही म्हणत नाही."

"म्हणते!" मी आतून ओरडले. "नको म्हणते!"

त्या दिवशी आमचं जे भांडण झालं ते शेजारच्यांनी टीव्ही बंद करून ऐकलं असेल. मी म्हटलं, या वयात रात्री जागणारी जनावरं कशाला हवीत, लोक पोपट पाळतात. शुभदा अगदी हळू म्हणाली, "अण्णांचं शेवटचं दीड वर्ष रात्री कोण उठत होतं?"

"तू."

"दोनला एकदा, चारला एकदा. कूस बदलायला. तेव्हा तू कीर्तनाहून येऊन झोपलेली असायचीस. अण्णा गेले, पण मला दोनला जाग येते ती येतेच. उठून मी त्या खोलीत जाते. तिथं कुणी नसतं, ताई. मला तिथं कुणीतरी जागं हवंय."

तरी मी पिंजऱ्याकडं बघून तोंड फिरवायचं सोडलं नाही.

रंजितानं यायचा दिवस कळवला. त्याआधी तिनं शुभदाकडून कापडाचे तुकडे मागवून घेतले होते. माणसाचा वास या जनावरांना आधी ओळखीचा व्हावा लागतो, नाहीतर ते जवळ येत नाहीत. शुभदानं आठ रात्री ते तुकडे ब्लाउजच्या आत ठेवून झोप काढली. अर्धे करंजाड्याला पाठवले, अर्धे पिंजऱ्यातल्या झोळ्यांत घातले. "न धुतलेल्या चिंध्या देवघराशेजारी," असं मी म्हणून घेतलं.

आदल्या दिवशी सेक्टरातल्या देवळात कीर्तन होतं. बुवांनी उत्तररंगाला एका बाईची गोष्ट घेतली. दारात आलेला पाहुणा तिला नको होता. तरी तिनं पाट मांडला, पाणी दिलं, वाढायला घेतलं, आणि वाढता वाढता राग कुठं सांडला ते तिलाच कळलं नाही. बुवांनी इथं झांज थांबवली आणि नुसतं आमच्याकडं पाहिलं. मला वाटलं, बुवांना माझ्या घरचं कुणी सांगितलं की काय.

सकाळी शुभदा रंजिताला आणायला स्टेशनवर गेली. तेवढ्या वेळात मी कामाला लागले. आमच्याकडं बुवा उतरायला येणार असले की अण्णांच्या वेळेपासून जे होतं, ते सगळं त्या खोलीत केलं. फरशी पुसली. धुपाटण्यात निखारे घेऊन त्यावर ऊद आणि कडुनिंबाचा पाला टाकला, आणि कोपऱ्याकोपऱ्यातून, पिंजऱ्याच्या आतूनही फिरवला. झुरळं येऊ नयेत म्हणून खाली डांबराच्या गोळ्या ठेवल्या. शेवटी वाळ्याचं अत्तर काढलं, बुवांच्या मनगटाला लावतो ते, आणि एकेका झोळीला बोट टेकवलं. सहा झोळ्या होत्या. सहाही झोळ्यांना.

रंजिता तिशीची, ठेंगणी, खांद्याला पर्स. खोलीच्या उंबऱ्यातच थांबली.

"कोनी केला हा धूर?"

शुभदा माझ्याकडं वळली. तिचा चेहरा मी आजवर तसा पाहिला नव्हता.

रंजितानं ओढणी नाकाला लावली, आत गेली, एक झोळी हुंगली आणि परत ठेवली. "अत्तर पन? काय लग्न हाय का इथं? ओ ताई, त्यांची फुप्फुसं माझ्या नखाएवढी हायत. या खोलीत आज ठेवले तर उद्या मला फोन कराल, मेले म्हनून. आनि ह्या गोळ्या!" तिनं पायानंच गोळी बाहेर लोटली.

"बघ," शुभदा मला म्हणाली. "जमलं तुला. दोन महिने बोलून जमलं नाही ते एका सकाळीत केलंस. आठ रात्रींचा वास पुसलास."

"पाहुणे येणार म्हणून केलं मी."

"पाहुणे?" ती हसली, आणि ते हसणं वाईट होतं. "अण्णांना खोकून खोकून उबळ यायची तेव्हाही गुरुवारचा धूप कधी चुकला नाही तुझा. मी खिडकी उघडायचे, तू लावायचीस. तेव्हा कोण पाहुणे यायचे गं?"

मी अण्णांसाठीच करत होते तो धूप. त्यांना बरं वाटावं म्हणून. हे मी बोलणार होते, पण ते माझ्याच कानाला कसं लागेल ते मला आधीच ऐकू आलं.

रंजिता मध्येच म्हणाली, "तुमचं घरातलं तुमी बघा. मला एवढंच सांगा. बारा-बारा वर्षं जगतात ही. बारा वर्षं या घरात धूप नाय, उदबत्ती नाय, कापूर नाय, स्प्रे नाय. दोघींनी बोलायचं. एकीचं हो मला चालत नाय."

"ती नाही म्हणणार," शुभदा म्हणाली. "तुमच्या बाजूच्या बिल्डिंगमधली खोली अजून रिकामी आहे का?"

म्हणजे हे आधीच बोलून झालं होतं. करंजाड्याला खोली! पिंजरा जाईल, झोळ्या जातील, वही जाईल, आणि मागं माझं देवघर आणि मी. गुरुवारी आमच्या हॉलमध्ये सात-आठ बायका भजनाला बसतात. चाळीस वर्षांचा रिवाज. निखारे फुलले की पहिली ओवी.

"धूप देवळात होतोच," मी म्हणाले. "घरात नको. समईही अण्णांच्या खोलीपासून लांब ठेवीन. भजन दुसरीकडं नेईन."

"आज हो बोलाल आनि गुरुवारी इसराल."

"बत्तीस वर्षं पोरांची हजेरी घेतलीय मी. तू माझी घे. रोज फोन कर."

रंजितानं माझ्याकडं नीट पाहिलं. "तुमाला आवडतात का ही जनावरं?"

"नाही."

"मंग?"

"माझी बहीण आवडते," असं म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "पिंजरा एवढा आणलाय. रिकामा बरा दिसत नाही."

"उपकार नकोत मला तुझे," शुभदा म्हणाली.

"तुझ्यावर करतच नाहीये."

रंजितानं दहा दिवसांची मुदत दिली. मी भिंती साध्या पाण्यानं पुसल्या, पडदे काढले, कोळसे आणि ऊद देवळात देऊन आले. झोळ्या धुवायला घेतल्या तर शुभदानं बादलीच ओढून नेली. "हात लावू नकोस. तुझ्या हातालाही वास आहे." तीन वेळा गरम पाण्यातून काढून तिनं त्या उन्हात वाळवल्या आणि पुन्हा आठ रात्री उशाशी घेऊन झोपली. त्या दहा दिवसांत ती माझ्याशी मोजून चार वाक्यं बोलली असेल, त्यातली दोन गॅस सिलिंडरची.

गुरुवारी बायका भजनातल्याच अरुंधतीकडं जमल्या. मी गेले. पहिल्या ओवीला माझा आवाज लागला नाही.

शनिवारी रंजिता पुन्हा आली. उंबऱ्यात थांबून दीर्घ श्वास घेतला, कोपऱ्यात नाक खुपसलं आणि मान हलवली. मग गळ्यातली कापडी थैली काढून तिनं शुभदाच्या गळ्यात घातली. थैली किंचित हलली. शुभदानं तिच्यावर दोन्ही हात धरले आणि तशीच उभी राहिली. ती रडते आहे हे मला उशिरा कळलं.

मी एक पाऊल पुढं टाकलं. आतून एकदम कर्कश आवाज आला, जुना मिक्सर अडकल्यासारखा. मी दचकले.

"रागवले का?"

"भ्यालेत," रंजिता म्हणाली. "वरडतात असं. तुमचा वास नवा हाय त्यांना."

"मागं हो, ताई," शुभदा म्हणाली.

मी मागं झाले. संध्याकाळी साडेसातला तिनं आतून दार लावून घेतलं आणि त्यांना पहिल्यांदा पिंजऱ्याबाहेर सोडलं. बाहेर एप्रिलचा उकाडा. मी हॉलमध्ये पंख्याखाली बसले होते.

"ताई!" आतून आवाज आला. "हॉलचा पंखा बंद कर. दारातून निसटले तर पात्यात जातील."

मी उठून बटण दाबलं. "किती वेळ?"

"सांगते."

पातं हळूहळू थांबलं. दाराआड कुणीतरी भिंतीवरून भिंतीवर गेलं, टप्प असा बारीक आवाज झाला, आणि त्यामागून शुभदाचं हसणं. ते हसणं मी दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. पाठीवरून घामाचा ओघळ गेला. मी पदरानं मान पुसली आणि बसून राहिले. तिनं काही सांगितलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.