सावलीतली जागा

मस्कतमध्ये माणूस गाडी लावताना दुकान कुठं आहे ते बघत नाही, सावली कुठं आहे ते बघतो. दुकान दोन गल्ल्या पलीकडे राहिलं तरी चालतं. तापलेल्या सीटवर एकदा बूड पोळलेला माणूस ते जन्मात विसरत नाही. मॅक्सिम तुस्कानोची हयात मस्कतच्या अझैब्यात गेली होती, आणि बिल्डिंगमागच्या एका कडुनिंबाच्या सावलीपायी त्याचं शेजारच्या अत्यंत सभ्य इजिप्शियन डॉक्टरशी बोलणं बंद होतं. असा माणूस अमेरिकेत जागा शोधायला बसला तर तो काय शोधणार, हे खरं तर आधीच कळायला हवं होतं. कुणालाच कळलं नाही.

जागा हवी होती ती त्याच्या नातीसाठी, कॅन्डिससाठी. मॅक्सिमचा मुलगा केल्विन इंडियाना राज्यात एका आडगावी ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. त्याच्या आठ वर्षांच्या पोरीचं रक्त बिघडलं. इंडियानापोलिसच्या इस्पितळात तिची बोनमॅरो बदलली. उपचार नीट पार पडले, पण डॉक्टरांनी बजावलं, की घरी सोडल्यावरही अख्खा हिवाळा इस्पितळापासून अर्ध्या तासाच्या आत राहायचं. गर्दी नको, धूळ नको, ओल तर मुळीच नको. पोरीच्या अंगात आता प्रतिकाराची ताकद उरलेली नाही. आपल्याला नुसती शिंक येईल, तेवढ्यानं ती जाऊ शकते.

शहरात घर मिळेना. केल्विनच्या एका मित्रानं आपलं चाकांवरचं घर दिलं. आत पलंग, शेगडी, संडास, सगळं. फक्त ते उभं करायला जागा पाहिजे. वीज-पाणी जोडून देणाऱ्या अशा जागांना तिकडे आरव्ही पार्क म्हणतात. केल्विन आणि त्याची बायको फ्लाविया दोघंही इस्पितळातून हलू शकत नव्हती.

"पप्पा, तुम्ही आयुष्यभर कॅम्प बसवलेत," केल्विन फोनवर म्हणाला. "तुम्हीच बघा."

हे खरं होतं. मॅक्सिम एका बांधकाम कंपनीत कॅम्प बॉस होता. इब्रीच्या पुढं वाळवंटात मजुरांच्या पोर्टाकॅबिन कुठं मांडायच्या, टाकी कुठं, जनरेटर कुठं, हे तोच ठरवायचा. अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीची तारीख त्याला पुढल्या उन्हाळ्याची मिळाली होती. तोवर आजोबाच्या हातात प्रार्थना होती आणि हे एक काम होतं. प्रार्थना फ्लॉरेन्स, त्याची बायको, जास्त चांगली करायची. त्यानं काम घेतलं.

मग रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर टीव्हीच्या पडद्यावर इंडियानापोलिस उघडायचं. उपग्रहातून दिसणारं ते शहर मॅक्सिम असा निरखायचा, की जणू उद्या सकाळी कंत्राटदार येऊन खुणा मागणार आहे. केल्विननं तीन पार्क सुचवले होते. एक नदीकाठी होता. तो पाच मिनिटांत बाद झाला.

"वादीत कॅम्प टाकायचा नसतो," मॅक्सिम म्हणाला. वादी म्हणजे वाळवंटातलं कोरडं पात्र, पाऊस आला की बघता बघता भरून वाहणारं.

"ती वादी नाय, नदी आहे," फ्लॉरेन्स म्हणाली. "तिच्यात पाणी रोजच असतं."

"म्हणजे आणखीच वाईट."

दुसरा पार्क हायवेला लागून. झाड औषधालासुद्धा नाही. खडी पसरलेलं सपाट मैदान, त्यावर ओळीनं उभी असलेली पांढरी घरं.

"हा तर आपला इब्रीचा कॅम्प झाला," मॅक्सिम म्हणाला.

"मग? इब्रीत माणसं राहिलीच की."

"कामगार राहिले."

"तेच म्हणते मी. माणसं."

मॅक्सिमनं चष्मा पुसला आणि नकाशा पुढं सरकवला.

तिसरा पार्क बघताच त्याचा जीव निवला. दाट झाडी, बारमाही हिरवे पाइन, त्यांच्यात लपलेल्या जागा. एक जागा तर टेकडीच्या कुशीत, चारी बाजूंनी झाकलेली. तरी त्यानं जमालचा सल्ला घेतला. जमाल रत्नागिरीचा, मस्कतजवळच्या माबेल्यात गाड्यांवर कापडी शेड बसवून द्यायचा धंदा करणारा. म्हणजे सावलीतला तज्ज्ञच.

"मॅक्सिमभाय, ही जागा डबल भाड्यानं मिलाली तरी लोक मारामारी करतील," जमाल पडद्याजवळ नाक नेऊन म्हणाला. "दुपारी तीनला पन ऊन येनार नाय. गॅरंटी."

"सकाळी?"

"सकाळी पन नाय. यल्ला, चला, बुक करा."

दोघांपैकी एकानंही कॅलेंडरकडे पाहिलं नाही. नोव्हेंबर लागत होता. मस्कतमध्ये नोव्हेंबर म्हणजे एसी बंद करून खिडकी उघडायचा महिना. उन्हाची वाट बघावी लागते असा मुलूख दोघांनीही पाहिला नव्हता. केल्विननं मात्र तिकडे चार हिवाळे काढले होते. जागेचे फोटो बघून तो क्षणभर घुटमळला, असं पुढं फ्लाविया सांगायची. पण पप्पांनी इतक्या उमेदीनं निवडलेली जागा. त्यानं घर तिथं नेऊन लावलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल यायचा. तिकडे सकाळ असायची. टोपी घातलेली कॅन्डिस, तिच्या मागं भिंत, आणि सकाळी दहालाही जळणारा दिवा.

"सावली आहे ना?" मॅक्सिम विचारायचा.

"आहे, पप्पा."

"मी म्हटलं होतं."

"हो, पप्पा."

मग मध्येच काही दिवस कॉल आला नाही. पोरगी झोपली आहे, नेटवर्क नाही, असं फ्लॉरेन्स सांगायची. मॅक्सिमला ते पटलंही. टेकडीच्या कुशीत नेटवर्क मिळत नाही, हे त्याला इब्रीपासून ठाऊक होतं.

एका शुक्रवारी, म्हणजे तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी घाला भागातल्या चर्चमधून ती दोघं घरी आली, जेवायला बसली, तोच फोन वाजला. कॅन्डिसच्या मागं लख्ख खिडकी होती. उन्हानं तिचे कान लाल दिसत होते. खिडकीतून एक भला मोठा ट्रक गेला. मग दुसरा.

"केल्विन, झाडं कुठं गेली?"

केल्विननं फोन फ्लावियाकडे दिला. फ्लावियानं तो परत केल्विनकडे दिला. मॅक्सिमनं फ्लॉरेन्सकडे पाहिलं. ती टेबलावरची भांडी गोळा करायला लागली होती. अर्धं जेवण अजून ताटांत होतं.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"तुम्ही जेवला नसता."

"काय झालं ते सांग."

तिनं सांगितलं, भांडी हातात धरूनच. त्या झाडांखाली ऊन फिरकत नव्हतं. आत तीन माणसांच्या स्वयंपाकाची नि श्वासाची वाफ गार भिंतींवर धरायची, ती सुकायचीच नाही. पलंगामागं काळे ठिपके आले. बुरशी. पोरीला ताप भरला, तिला परत इस्पितळात नेलं. नर्सनं ठिपक्यांचे फोटो पाहिले आणि विचारलं, ही जागा कुणी निवडली?

"केल्विन काय म्हणाला?"

"म्हणाला, मी."

मॅक्सिम खुर्चीत बसला. बाहेर कडुनिंबाखाली डॉक्टरची गाडी उभी होती. आज त्याला त्याचं काहीच वाटलं नाही.

"आता कसं आहे?" त्यानं फोनमध्ये विचारलं.

"छातीचा फोटो काढलाय, पप्पा. आज तरी स्वच्छ आहे. परत काढणार आहेत." केल्विननं फोन खिडकीकडे वळवला. "हा हायवेचा पार्क आहे. खडीचा. आवाज येतो, पण दिवसभर ऊन लागतं. भिंती कोरड्या आहेत. मी सांगणार होतो."

"भिंत हात लावून बघतोस?"

"रोज. सगळीकडे. पलंग ओढून."

"चांगलं करतोस."

मग केल्विननं, बापाचा मान ठेवायची सवय सुटत नाही म्हणून असेल, विचारलं, "इथल्या मालकानं घर वळवून लावायला सांगितलंय. दार कुठल्या अंगाला ठेवू, पप्पा?"

मॅक्सिमच्या ओठांवर उत्तर तयार होतं. आयुष्यात त्यानं शेकड्यांनी दारं मांडली होती आणि दुपारचं ऊन नको म्हणून एकही पश्चिमेला उघडू दिलं नव्हतं. ते उत्तर त्यानं गिळलं. गिळायला जरा वेळ लागला.

"मला तिथलं काही कळत नाही," तो म्हणाला. "तू आहेस तिथं. तू बघ. आणि पोरीला विचार, तिला खिडकीतून काय दिसायला हवं. बाहेर तर तिला जाताच येत नाही."

केल्विननं फोन कॅन्डिसच्या उशीला टेकवून ठेवला आणि तो निघून गेला. पलीकडे तो फ्लावियाशी बोलताना ऐकू येत होता.

"ग्रँडपा," कॅन्डिस म्हणाली. तिचं मराठी जपून, एकेक पायरी उतरल्यासारखं यायचं. "मला ट्रक पाहिजे. ट्री नको. ट्री काय पण करत नाय."

"बरं, माझी बाय. पप्पाला सांग तसं."

"यू वॉच विथ मी?"

"बघतो."

फ्लॉरेन्सनं त्याचं ताट परत त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं ते बाजूला केलं, फोन पाण्याच्या जगला टेकवला आणि खुर्ची पुढं ओढली. पडद्यात खिडकीचा एक तुकडा दिसत होता, त्यात उन्हात पांढरी पडलेली खडी आणि तिच्यापलीकडे रस्ता.

"रेड," कॅन्डिस म्हणाली.

"लाल," तो म्हणाला.

"लाल. ग्रँडपा, तू झोपू नको हां."

"नाही झोपत."