भीमाच्या मुखवट्याची भोकं

फाल्गुन उतरणीला लागला होता. पठारावरची पहाट पावलं न वाजवता येई; मोहाची मधुगंधी, मेणचट फुलं एकेक करून मातीवर सांडत; पळस रक्तवर्ण, सावर रक्तवर्ण, आणि त्या निष्पर्ण, निःशब्द रानातून प्रकाश झिरपत राही, सोनेरी, संथ, समंजस. असला प्रकाश पाहिला की भल्याभल्यांना वाटावं, या जगात वाईट असं काही घडतच नसेल. घडतं हो. घडलं होतं.

पठाराखाली दरीच्या कुशीत करवंदपाडा. गेल्या वैशाखात शेजारगावी बोहाडा नाचून, मुखवटे आणि माणसं घेऊन एक टेम्पो घाट उतरत होता. वळणावर ब्रेक लागले नाहीत. मुखवट्यांचा चुरा झाला, आणि पाड्यातली चार माणसं गेली. त्यांत सोमीचा नवरा देवराम होता. टेम्पो चालवत होता देवरामचा धाकटा भाऊ, काशिनाथ. त्याला खरचटलंसुद्धा नाही, आणि तीच त्याची शिक्षा झाली.

तेव्हापासून काशिनाथ माणसांतून उठला. जेवायला बसला की घास हातातच राही. हाक मारली की दचके. दाढी वाढली, दिवस वाढले, बोलणं आटलं. एका सांजेला तो कड्याच्या अगदी धारेवर उभा दिसला, आणि म्हाताऱ्या बापानं, लहानूबाबानं, त्याला मनगटाला धरून मागे आणलं. मग पाड्यानं त्याच्यावर नजर ठेवली, पण नजरेला नजर कुणी दिली नाही. आणि सोमी? ती तर त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. एकच अंगण, दोन चुली, आणि मधे ओसाड, अबोल, अफाट शांतता.

आता बोहाडा म्हणजे काय, ते सांगायला हवं. चैत्र-वैशाखात, संबळ-सनईच्या गजरात, कागदाच्या लगद्याचे थोरले मुखवटे लावून इथं देव नाचतात, दानव नाचतात. एकेका सोंगाचा मान एकेका घराचा. भीम भोयांच्या, म्हणजे देवराम-काशिनाथच्या घरचा. दुसऱ्या घरच्यानं त्याला हात लावायचा नाही, आणि भीमावाचून करवंदपाड्याचा बोहाडा उभा राहायचा नाही. मुखवटा चढवायचा तोही घरच्या थोरल्या सुनेनं. थोरली सून सोमी. नाचणारा उरला एकटा काशिनाथ. म्हणजे बघा, अख्ख्या पाड्याचा सण या दोघांच्या अबोल्यात अडकून पडला होता, आणि एकाचा जीवही.

म्हणून तर हे शिबिर. मनाच्या दुखण्यांवर काम करणाऱ्या वैदेहीताई नाशिकहून आल्या आणि पाड्याला पठारावर घेऊन गेल्या. मोडलेले मुखवटे सगळ्यांनी मिळून पुन्हा घडवायचे, एवढंच काम. "मनाला काय लेप लावणार ही बाई?" म्हातारी बुधी तोंडाला पदर लावून हसली. ताईंनी लेप लावला नाही. 'कसं वाटतंय?' असंही विचारलं नाही. त्यांनी मोहाच्या सावलीत जुन्या वर्तमानपत्रांचा डोंगर रचला आणि म्हणाल्या, "फाडा."

मग काय! फर्रफर्र, फर्रफर्र, पठारभर तोच एक आवाज. माणसं फाडत सुटली. कुणी दात-ओठ खाऊन फाडलं, कुणी जपून जपून पट्ट्या केल्या. फाडता फाडता सनईवाल्याच्या बायकोला हुंदका फुटला; शेजारणीनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं फाडतच राहिली. बुधी म्हणाली, "रड गं पोरी. हात मात्र थांबवू नको." ताईंनी मान डोलावली आणि स्वतःही एक पान उचललं.

दिवस असे गेले. कागद भिजला, कुटला, मऊ झाला. मातीच्या साच्यांवर खळीचे हात फिरले. थरावर थर, थरावर थर, ओल्यावर कोरडं, कोरड्यावर ओलं. चंद्रगौर सरस्वती झाली, मेघश्याम मारीच झाला, लंबोदर गणपती उन्हात सुकत बसला. माणसं हळूहळू बोलू लागली. आधी खळीबद्दल, मग रंगाबद्दल, मग गेलेल्यांबद्दल.

सोमी बोलली नाही. तिनं कुणाला न विचारता भीमाचा साचा पुढ्यात ओढला होता. दरवर्षी देवरामचा मुखवटा तीच दुरुस्त करी, तीच रंगवी. आताही तिच्या हातांखाली तो आकार घेत गेला: हिंगूळवर्ण गाल, काजळवर्ण मिशा, शंखशुभ्र विशाल डोळे. हे वरचे डोळे देवाचे. ते फक्त दिसतात. पाहायचं असतं खालच्या दोन भोकांतून, गालांच्या घडीत लपवलेल्या, माणसाच्या डोळ्यांसाठी ठेवलेल्या. ती भोकं सोमीनं माप न घेता कापली. तिचा हात ती जागा जाणत होता.

काशिनाथ दूर, पाठमोरा, कागद कुटत बसे. उखळात मुसळ पडे, दिवसभर पडे. त्याला थांब म्हणणारं कुणी नव्हतं.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी, बोहाड्याच्या सरावाला, कलत्या उन्हात घराघरानं आपापलं सोंग डोक्यावर घेतलं. देव उभे राहिले, दानव उभे राहिले. भीम मात्र सोमीच्या मांडीवर होता. लहानूबाबानं हाक दिली, "काशा, ये बाळा." काशिनाथ आला आणि मान खाली घालून उभा राहिला. संबळवाल्याची काठी हवेतच थांबली. सगळ्यांना ठाऊक होतं, आज सोमी उठली नाही, तर या पोराला पुन्हा माणसांत आणणं कुणाच्या हाती नाही.

सोमी उठली. क्षमाबिमा काही नव्हती तिच्या मनात, उगाच कशाला खोटं सांगू? थोरल्या सुनेचं काम म्हणून उठली. त्याच्या चेहऱ्याकडे न पाहता तिनं मुखवट्याला ओवाळलं, तो त्याच्या डोक्यावर चढवला, मागची फडकी करकचून बांधली, आणि बाजूला झाली.

संबळ कडाडला. भीमानं पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, तिसऱ्याला तो भलतीकडेच वळला आणि मोहाच्या बुंध्यावर जाऊन आदळला. पोरं खिदळली, बुधीनं त्यांना दटावलं. संबळ थांबला. दोन्ही हात पुढे करून चाचपडत तो महाकाय भीम उभा होता, आणि त्याच्या आतून बारीक, घोगरा, वर्षभर न वापरलेला आवाज आला.

"वैनी, काय दिसत नाय."

सोमीनं भोकांकडे पाहिलं. दोन्ही भोकं अगदी जवळजवळ होती. देवरामचे डोळे तसे होते, नाकाला खेटून. पाडा त्यावरून त्याची टिंगल करी आणि तोही हसे. काशिनाथचा चेहरा आईवर गेलेला, रुंद. मनात आणलं नव्हतं, जिभेवर आणलं नव्हतं, पण हातानं मुखवटा देवरामसाठीच केला होता. तो मुखवटा घालायला देवराम येणार नव्हता. हे तिला सगळ्यांनी सांगितलं होतं. कळलं मात्र आत्ता. ती तोंडावर हात घेऊन रडली, उभ्या उभ्या, मोठ्यानं, वर्षाचं सगळं.

"राहू दे पोरी," लहानूबाबा म्हणाला. "काढ तो. पुढल्या साली बघू."

"नको." तिनं डोळे पुसले. "काढू नको रे. हलू नको."

खळ शिजवायच्या विझल्या चुलीतला एक कोळसा तिनं उचलला. दुसरा हात भीमाच्या हनुवटीखालून आत घातला. आत अंधार होता, खळीचा वास होता, उष्ण श्वास होता. बोटांना वाढलेली दाढी लागली, खोल गेलेला गाल लागला. आणि गाल चढून बोटं डोळ्यापाशी पोचली, तेव्हा ती भिजली. किती वेळ रडत होता हा आत? एकटाच? कुणाला न दिसता?

"डोळे मीट," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच नवा वाटला.

त्यानं मिटले. आतल्या बोटाच्या जागेवर तिनं बाहेरून कोळशाची खूण केली. एक डोळा, मग दुसरा. मग मुखवटा उतरवून मांडीवर घेतला आणि चाकूचं पातं टेकवलं. देवरामचं एवढंच तर उरलं होतं तिच्यापाशी, दोन भोकांमधलं ते अंतर. तिनं ओठ आवळले आणि कापलं. भोकं बाहेरच्या बाजूला सरकली, वाढली, वेडीवाकडी झाली. कागदाचे तांबडे कपटे तिच्या लुगड्यावर पडले, आणि ते तिनं झटकले नाहीत.

पुन्हा तिनं भीम चढवला. फडकी बांधली, या वेळी सैल, कानाला काचणार नाही अशी.

"आता?"

"दिसतं."

"काय दिसतं?"

भीमाचं तोंड तिच्याकडे वळलं. मग आतून आलं, "तू."

"मग नाच," सोमी म्हणाली.

संबळ घुमला, सनई उठली, पश्चिमेला तांबूस, तृप्त, तेजाळ संध्या पसरली. वर देवाचे डोळे कोरडे, विशाल, निश्चल. खाली माणसाचे डोळे ओले, आणि उघडे. आणि तो थोरला, तांबडा भीम, पाऊल चुकत, पाऊल सावरत, सोमीभोवती नाचू लागला.