दोनशे चाळीस गणितं

वामन गुरुजींचा लॅपटॉप चालू करायचा म्हणजे बटण दाबून त्यांच्या बायकोने, कुसुमताईंनी, चहा टाकायचा, गाळायचा, दोघांनी प्यायचा, आणि मग कुठे पडद्यावर चित्रं उमटायची. सगळ्यात स्वस्तातला घेतला होता. पण त्याच्यातच गुरुजींनी तीन वर्षं बुऱ्हाणपूरच्या मुलांसाठी गणितं रचली होती, केळीच्या घडांची, तापीच्या पुराची, लूमवरच्या कापडाची. गुरुजी सांगत, कुसुमताई टाइप करत. दोनशे चाळीस झाली होती. सोमवारी ती छापखान्यात द्यायची होती, आणि फाइल उघडता उघडेना.

शनवारा मोहल्ल्यातला झेरॉक्सवाला श्रीकांत म्हणाला, "गुरुजी, विंडोज निकालो, लिनक्स डालो. मशीन दौडेगा." गुरुजींनी दिलेल्या पेनड्राइव्हवर त्याने लिनक्स भरून दिलं आणि काय काय दाबायचं ते कागदावर लिहून दिलं.

शनिवारी दुपारी गुरुजी पुढच्या खोलीत मुलांना घेऊन बसले आणि कुसुमताई आत लॅपटॉपपुढे. पडद्याने विचारलं, जुन्याच्या शेजारी बसवू की डिस्क पुसून बसवू? त्यांनी बेधडक पुसून टाकलं. लिनक्स बसलं, पण वायफाय लागेना. मोबाइलला वायर जोडून त्यांनी तेही लावलं. पुन्हा चालू केला तर चहाचं आधण उकळायच्या आत लॅपटॉप तयार.

"अहो, या जरा. बघा तुमचं कासव."

गुरुजी आले, खूश झाले, आणि दोन मिनिटांनी म्हणाले, "गणितं कुठंयत गं?"

कुसुमताईंनी एक फोल्डर उघडला, मग दुसरा. सगळे रिकामे.

"तू काय दाबलंस?"

"पुसून बसवा."

"पुसून?" गुरुजी खालीच बसले. "दाबताना मनात काय होतं, ते सांग."

कुसुमताई लूमवाल्यांच्या घरातल्या. "आमच्याकडे ताण्याचं सूत गुंडाळलेला बीम संपला की रिकामा बीम काढून नवा चढवतात," त्या कशाबशा म्हणाल्या. "लूम झाडूनपुसून घेतात. पण विणलेलं कापड पुढं गुंडाळलेलं असतं, त्याला कोणी हात लावत नाही. मला वाटलं, आपलं टाइप केलेलं म्हणजे विणलेलं झालं."

गुरुजींनी हातानेच त्यांना थांबवलं. मग म्हणाले, "घाबरू नको. मी कॉपी करून ठेवलीय. पेनड्राइव्हवर."

"कोणत्या?"

"आपल्याकडे एकच तर आहे."

दोघांनी एकदमच लॅपटॉपच्या कडेला पाहिलं. पेनड्राइव्ह अजून तिथेच खोचलेला होता.

"श्रीकांतने विचारलं होतं," गुरुजींचा आवाज अगदी बारीक झाला. "फॉरमॅट करूं ना, म्हणून. मला वाटलं, वहीत कोरी पानं उरलेली असतात, तिथे लिहील. मी मान हलवली."

श्रीकांतला फोन लावला. तो म्हणाला, "दोनों पर ऊपर से लिखा गया, गुरुजी. अब वापस लाना मुश्किल है."

पुढच्या खोलीत मुलांचा गलका वाढला होता. गुरुजी उठले. पाठोपाठ कुसुमताई दारापर्यंत गेल्या. त्यांना वाटलं, आता हे मुलांना सुट्टी देतील. पण गुरुजी उभ्या उभ्याच म्हणाले, "पोरांनो, आपलं पुस्तक गेलं. अर्धं बाईंनी पुसलं, अर्धं मी, फॉरमॅटला मान हलवून."

"तुम्हाला फॉरमॅट म्हणजे काय माहीत नव्हतं?" समोर बसलेल्या मालूने विचारलं.

"नव्हतं. आणि दुकानात विचारायची लाज वाटली."

मालूने दप्तरातून वही काढली. "त्या गणितांची उत्तरं आहेत माझ्याकडे. प्रश्न नाहीत. तुम्हीच म्हणायचात, प्रश्न उतरवू नका, वही भरते."

गुरुजींनी वही घेतली. पानंच्या पानं नुसती आकडेमोड आणि उत्तरं. त्यांनी एकावर बोट ठेवलं: अठ्ठेचाळीस केळी उरली. केळी कुणाची, बाकीची कोणी खाल्ली, काही केल्या आठवेना. आपणच रचलेलं गणित आपल्याला येत नाही, हे पाहून त्यांचा चेहरा उतरला.

कुसुमताई दारातून पुढे आल्या आणि मुलांमध्ये सतरंजीवर बसल्या. "मालू, तू कशातून काय वजा केलं होतंस? तेवढं वाच. प्रश्न आपण मागून लावू."

"दोनशे चाळीसांचे?" गुरुजींनी विचारलं.

"हिच्या वहीत आहेत तेवढ्यांचे," कुसुमताई म्हणाल्या. "आणि गणितं का कमी झाली, ते सोमवारी छापखान्यात तुम्ही जाऊन सांगायचं. मी नाही."