पाणी टाकू नका

सुलतानपूरच्या रस्त्यावर महादेवरावांच्या वावराला लागून ट्रक नालीत कलंडला, तेव्हा सुट्टीत गावी आलेली समता आईचा डबा घेऊन धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, पोचलीच होती. तिची आई जनकाबाई त्याच वावरात कापूस वेचायला होती. त्या साली बोंडअळीनं बीटी बियाण्याच्या कापसालाही सोडलं नव्हतं. जो काही कापूस हाती लागला, त्याचा ढीग महादेवरावांनी रस्त्याकडेलाच घातला होता.

ट्रकमधलं एक लोखंडी सिलिंडर खाली आपटलं. त्याच्या तोंडातून पांढरा धूर आला आणि कोणी काडी न लावताच जाळ उठला. ड्रायव्हर उडी मारून पळाला.

समतानं सिलिंडरवरचं नाव वाचलं. ट्रायइथाइल ॲल्युमिनियम. गुजरातेतल्या प्लास्टिकच्या कारखान्यात तीन वर्षं ती हेच रसायन हाताळत होती. ते नायट्रोजन वायूखाली बंद ठेवायचं. हवा लागली की आपोआप पेटतं आणि पाणी लागलं की स्फोटासारखं उसळतं.

"कय्यूम, टँकर आन इकडं!" महादेवराव ओरडले. कय्यूमचा पाण्याचा टँकर फवारणीसाठी बांधावर उभाच होता.

समता आडवी आली. "पाणी टाकू नका, काका! भडका होईल. कोरडी वाळू टाका."

"आग पाण्यानं नाही तं कशानं इझते? हो बाजूले!"

"मी याच्यातच काम करते, काका."

"तुही माय माह्या वावरात राबते, अन् तू मले शिकवून राह्यली?"

जनकाबाईनं तिचा दंड धरला. "गप बस, समते. उद्या मले कामाले कोन बोलावीन?"

कय्यूम घुटमळला. महादेवरावांनी स्वतःच बादली भरली आणि भिरकावली.

धडाड्‌दिशी पुरुषभर जाळ उसळला. पेटते थेंब उडाले. काही ढिगावर, काही कय्यूमच्या हातावर. समतानं त्याला ओढत टँकरच्या पलीकडे नेलं, बाही फाडली आणि हात नळाखाली धरला.

"आता चालते का पाणी?" महादेवराव भुवया चोळत किंचाळले.

"हातावर नुसते थेंब हायेत, काका. तिथं सिलिंडर भरलेलं हाये!"

रस्त्याच्या कामासाठी टाकलेली वाळू जवळच होती. सगळे बघत उभे असताना जनकाबाईनं कमरेच्या ओटीतला कापूस झटकला, तिच्यात वाळू भरली आणि लेकीकडे पाहिलं.

"कुठून टाकू?"

"वाऱ्याला पाठ करून. लांबूनच."

मग बाकीच्या बायकाही आल्या. वाळू सरकली की जाळ पुन्हा डोकं काढायचा. संध्याकाळी रसायनाच्या कंपनीची माणसं आग विझवायची कोरडी पावडर घेऊन येईपर्यंत त्या टाकत राहिल्या. तोवर अर्धा ढीग जळाला होता.

पंचनाम्याला आलेल्या पोलिसांसमोर महादेवराव म्हणाले, "या पोरीनं पाणी टाकू दिलं नाही, म्हनून माहा कापूस गेला."

कय्यूमचा हात पट्टीत होता. "खोटं काऊन बोलता? पाणी तुमीच टाकलं. समता तं गळा फाडून सांगत होती."

महादेवरावांनी कय्यूम आणि जनकाबाईवर नजर रोखली. "तुहा टँकर माह्या बांधावर दिसू नको देऊ. अन् जनके, तूही येऊ नको."

मायलेकी घरी आल्या. दारात समता म्हणाली, "आई, मी गप्प बसायला हवं होतं का?"

"नाही," जनकाबाई तुटकपणे म्हणाली. "पन तू जाशीन गुजरातले. मले इथं महादेवरावाच्या दारावरूनच जावं लागते."

ती चूल पेटवायला आत गेली. समताला हाक मारली नाही.