मान्सिक्कीची सीट

हिल्काला शर्यतीत गाडी चालवायची होती. गोष्ट एवढीच. पण ती नवऱ्याला सांगायला तिची जीभ काही रेटत नव्हती. सबंध संसार झाला, गायी आल्या नि गेल्या, मुलं हेलसिंकीला जाऊन स्थिरावली, आणि दर उन्हाळ्यात ती शर्यतीच्या कुंपणाशी कॉफीचा थर्मास धरून उभी राहिली. हेल्मेट दर उन्हाळ्यात आउलिसच्याच डोक्यावर चढलं. आमच्या या सपाट मुलखात माणसं तशीही बोलण्यात कंजूष, पण आउलिस म्हणजे कहर होता. लग्नाची मागणीसुद्धा त्याने "ट्रॅक्टरवर दोघांना जागा आहे" अशा शब्दांत घातली होती.

त्या हिवाळ्यात त्यांच्या जुन्या लाल स्टेशन वॅगनचं इंजिन बसलं. चारही चाकं ओढणारी गाडी. बर्फात दूधदुभतं, चारा, वासरं सगळं तिनेच वाहिलेलं. तिला दोघं मान्सिक्की म्हणायची, कारण गोठ्यातल्या शेवटच्या गायीचं ते नाव होतं आणि गाय विकल्यावर नाव वाया घालवणं हिल्काला पटलं नव्हतं. भंगारवाल्याचा फोन आला तेव्हा तिने रिसीव्हरवर हात दाबून धरला.

"जोक्किसला उतरवू या हिला," ती म्हणाली. जोक्किस म्हणजे आमची जुनाट गाड्यांची खडीवरची शर्यत.

"चार चाकं ओढणारी चालत नाही तिथे."

"मग दोनच ओढू देत."

आउलिसने अख्खा कप कॉफी संपवली. "पुढची दोन," तो म्हणाला. झालं, ठरलं.

रिकाम्या गोठ्यात काम सुरू झालं. अशाच दुसऱ्या एका ठोकलेल्या गाडीचं दांडगं इंजिन भंगारातून आलं. मागच्या चाकांना ताकद नेणारा लांबलचक दांडा निघाला, त्याच्या टोकाचा लोखंडी डबा निघाला. मागच्या चाकांचे आखूड दांडे आउलिस उपटणारच होता, तेवढ्यात हिल्का दिवा धरून खाली वाकली.

"अरे थांब! हे काढलेस तर बेअरिंगला धरणार कोण? टोकं कापून तेवढी आत राहू दे."

आउलिसने पाहिलं, मान हलवली आणि करवत मागितली. त्याच्याकडून एवढं म्हणजे हारतुरेच.

मग इंजिन सुरू झालं. मान्सिक्की अशी हंबरली की छपरावरचा बर्फ घसरला. पण गाडी जागची हलेना. गिअर टाकला, हलेना. पुन्हा टाकला, तरी नाही. झालं होतं असं की गिअरबॉक्स पुढच्या आणि मागच्या चाकांत ताकद वाटून द्यायचा, आणि मागे तर आता काही उरलंच नव्हतं. जिकडे ओझं नाही तिकडेच सगळी ताकद पळत होती.

"आपल्या धाकट्यासारखंच की," हिल्का म्हणाली, आणि आउलिस गाडीखाली पडल्यापडल्या इतका हसला की त्याला ठसका लागला. सगळं पुन्हा उतरवून त्याने वाटणी करणारे ते गिअर एकमेकांना वेल्डिंगने कायमचे जोडून टाकले. आता जी काही ताकद ती पुढच्यांचीच.

ब्रेकमधली हवा काढायची तेव्हा आत सीट नव्हती. हिल्का दुधाच्या उपड्या क्रेटवर बसून पेडल दाबायची.

"दाब."

"दाबला."

"सोड."

"सोडला."

कित्येक वर्षांत त्यांच्यात एवढं बोलणं झालं नव्हतं. हिल्का त्या दिवसांत मनापासून सुखात होती. एकदा आउलिस खडू घेऊन आला आणि क्रेटभोवती रेघ ओढून गेला. कुठे पत्रा कापायचा असेल, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याने तिला गोठ्यात फिरकू दिलं नाही आणि दुपारभर वेल्डिंगच्या ठिणग्या खिडकीतून दिसत राहिल्या.

हिल्काचंही एक गुपित होतं. दर आठवड्याला ती चर्चच्या गाण्याच्या तालमीला म्हणून शहरात जायची, आणि तिथे क्लबमध्ये बसून शर्यतीच्या परवान्याची तयारी करायची. परवाना मिळालाही. हा खटाटोप कशाला, तर जोक्किसमध्ये एक नियम आहे: शर्यतीच्या दिवशी परवाना असलेला कुणीही पेटीत चिठ्ठी टाकून कुणाचीही गाडी ठरलेल्या भावाला मागू शकतो. मालकाला नाही म्हणायची सोय नाही. म्हणाला, तर त्याचाच परवाना जातो. चिठ्ठ्या जास्त आल्या तर सोडत. म्हणून तर गाडीत कुणी वेड्यासारखा पैसा ओतत नाही. नवऱ्याकडे मागायची हिंमत नाही ना, मग नियमाकडे मागू, असा तिचा साधा हिशेब होता.

शेजारच्या तेउवोने अशीच चिठ्ठी टाकून आउलिसची आधीची गाडी नेली होती. वर दर रविवारी ती ट्रेलरवर घालून यांच्या फाटकावरून जाताना बेटा हॉर्न वाजवायचा. म्हणून या वेळी आउलिसने गोठ्याचा उरलेला रंग केरसुणीने मान्सिक्कीला फासला. गाडी इतकी भिकार दिसायला लागली की पोस्टमननेसुद्धा हळहळ व्यक्त केली.

जूनमधल्या रविवारी खडीच्या खाणीत शर्यत भरली. सॉसेजचा धूर, मोहरीचा वास, डोनटसाठी रांग. हिल्का गाडीशी उभी होती आणि क्षणभर तिला वाटलं, आज हेल्मेट आपल्या हातात येईल. आउलिसने ते स्वतःच्या डोक्यावर चढवलं. ती सरळ चालत गेली आणि आपली चिठ्ठी पेटीत टाकून आली.

इकडे आउलिस गाडीत बसला की कोंबला गेला, देव जाणे. गुडघे कानाशी आले होते.

"आउलिस, नाकतोडा झालास की काय रे?" तेउवो ओरडला.

"बरंय," आउलिस म्हणाला.

शर्यत सुटली आणि हिल्काची पंचाईत झाली. बायको म्हणून तिला नवरा जिंकायला हवा होता, गिऱ्हाईक म्हणून हरायला. गाडी चमकली की चिठ्ठ्या वाढणार. सुरुवातीला आउलिस शहाण्यासारखा मधोमध रेंगाळत होता. पण शेवटच्या फेरीत त्याला पुढे तेउवो दिसला, तोही आउलिसच्याच जुन्या गाडीत. मग कसला शहाणपणा! मान्सिक्कीच्या पुढच्या चाकांनी खडीत नखं रोवली, वळणावर ती आतून घुसली आणि तेउवोला धूळ चारून पहिली आली. हिल्का अशी किंचाळली की थर्मासमधली कॉफी शेजारच्या पाद्र्यांच्या बुटांवर गेली. आनंदाने उड्या मारून झाल्यावर तिला पेटीची आठवण झाली.

पेटीभर चिठ्ठ्या होत्या. क्लबच्या चिटणीसबाईंनी त्या लोकरीच्या टोपीत घातल्या, हात घालून एक काढली आणि वाचली. तेउवो.

हिल्काच्या तोंडातल्या सॉसेजची चव गेली. आउलिसने हेल्मेट काढून काखेत मारलं आणि किल्ली पुढे केली.

"चला मालकीणबाई," तेउवो हिल्काला म्हणाला, "यंदा दोन हॉर्न ऐका." तो ऐटीत आत शिरायला गेला आणि मधेच अडकला. एक गुडघा स्टिअरिंगला, दुसरा दाराला. त्याने सीट मागे सारायला खाली हात घातला, चाचपलं, आणि त्याचा चेहरा बदलला.

"अरे, ही तर वेल्डिंग करून बसवलीय! कुणासाठी? कोंबडीसाठी?"

लोक हसायला लागले. आउलिस हसला नाही. त्याचे कान लालबुंद झाले होते. हिल्काने वाकून आत पाहिलं. सीटच्या पायांभोवती फरशीवर खडूची रेघ अजून दिसत होती. क्रेट जिथे होता, अगदी तिथेच.

"आउलिस," ती म्हणाली, "ही सीट कुणाच्या मापाची आहे?"

"ब्रेक धरतात का ते आधी बघायचं होतं," आउलिस बुटांकडे बघत म्हणाला. "तुला बसवायच्या आधी. पुढचा रविवार तुझा होता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"गाडीत बसलीस की कळलंच असतं."

"आणि पहिला कशाला आलास, मूर्खा? सहावा आला असतास तर गाडी घरी नसती का आली?"

"तेउवो पुढे होता," आउलिस म्हणाला.

हिल्काला रडू येत होतं आणि हसूही. "त्या टोपीत माझीही चिठ्ठी होती," ती म्हणाली. "परवाना काढलाय मी. गाण्याच्या तालमी त्याच्याच."

आउलिसने मान वर केली. "तरीच एकही गाणं ऐकू आलं नाही घरात," तो म्हणाला, आणि एवढ्या लोकांदेखत त्याने तिचा हात धरला. आमच्याकडे असं कुणी करत नाही.

तेउवो एव्हाना खेकड्यासारखा आडवा होऊन बाहेर आला होता. "गाडी माझीच," तो गुडघा चोळत म्हणाला. "नियम म्हणजे नियम. पण चालवणारा मी ठरवणार. पुढच्या रविवारी मालकीणबाई, तुम्ही. आणि आउलिस, तू मेकॅनिक म्हणून यायचंस. माझ्या गाडीचा."

आउलिसचा जबडा आवळला. तेउवोच्या गाडीचा मेकॅनिक!

"किती वाजता?" त्याने विचारलं.

हिल्काने किल्ली तेउवोच्या हातातून अलगद काढून घेतली आणि आत बसली. पाय पेडलांवर असे पडले जसे रोजच्या चपलांत पडतात. हळूहळू खाण रिकामी झाली, ऊन मात्र अजून टकटकीत होतं. आउलिस खिडकीशी आला आणि तिच्या पट्ट्याची कडी दोनदा ओढून बघितली.

"पुढच्या रविवारी मी चिठ्ठी टाकतो," तो हळूच म्हणाला. "निघाली तर घरी आणू हिला. नाही निघाली तर..."

"नाही निघाली तर नाही," हिल्का म्हणाली आणि गिअर टाकला. "गाडी कुणाची का असेना, सीट माझी आहे."